नात्यातले राक्षस

३ फेब्रुवारी

दादा,

पत्र न वाचता फाडू नकोस. बाबा बरे आहेत आणि मला तुझ्याकडून एक छदामही नको आहे. तुला धास्ती असेल ती या दोनच गोष्टींची, म्हणून आधी सांगून टाकल्या.

फोन केला नाही, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबाही उठल्यापासून झोपेपर्यंत बाहेरच्याच खोलीत असतात. तूही करू नकोस. उत्तर दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. सकाळी मी तिथे पेशंटची नावं लिहून घेते. दुपारी मात्र घरी असावंच लागतं.

बाबांचे डोळे गेले हे आत्याने तुला कळवलं असेल. पूर्ण गेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, तेही कधीकधी. स्वभाव मात्र होता तसाच आहे. आंधळे झाल्यावर माणूस मवाळ होतो म्हणतात, ते कुठल्या गावचं कोण जाणे.

थिएटर बंद झालं तेव्हा मालकांनी जुना प्रोजेक्टर आणि परदेशी सिनेमांच्या रिळांचे डबे बाबांना देऊन टाकले. ज्या सिनेमांतलं अक्षरही प्रेक्षकांना कळत नसे आणि बाबा पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहून ज्यांची गोष्ट आपल्या भाषेत सांगायचे, ते सगळे. बाबांना तरी त्यातलं अक्षर कुठे कळत होतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! तर ते डबे आता माझ्या पलंगाखाली, तुझ्या पलंगाखाली आणि जिथे आईचं शिवणाचं मशीन असायचं त्या कोपऱ्यात आहेत. खिडक्यांना मी काळा कागद चिकटवलाय. रोज दुपारी मी भिंतीवर चादर लावते, प्रोजेक्टर सुरू करते आणि बाबांना सिनेमा सांगते. गोष्ट चालू असली की ते तोंड उघडतात आणि मी घास भरवते. गोष्ट थांबली की तोंड मिटतं. आणि गोष्ट त्यांचीच हवी, शब्दाला शब्द. थिएटरमध्ये ते सांगायचे तीच.

एप्रिलनंतर मला इथून जायचं आहे. कामानिमित्त. बाबांच्या गोष्टी शब्दाला शब्द सांगू शकतील अशी माणसं या जगात दोनच आहेत. दुसरा तू.

म्हणून लिहिते आहे. ये.

तुझी किरकिरी


२० फेब्रुवारी

दादा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्यातली एक ओळ हवामानाची होती, तरी आभार.

‘एखादी बाई ठेव,’ असं लिहिलंस. मला सुचलंच नसेल, नाही का? बाई ठेवली आहे. भली आहे, हाताला स्वच्छ आहे. आंघोळ घालते, अंथरूण बदलते, बाबांच्या शिव्या ऐकून हसते. पण मागच्या आठवड्यात मला ताप होता, म्हणून मी तिलाच सिनेमा सांगायला बसवलं. मी आत पडून ऐकत होते. ‘समुद्रातला सासरा’ लावला होता. बाई म्हणते, “एक माणूस आला. एक बाई आली. दोघं बोलतायत. अगं बाई, हे काय माशासारखं आलं पाण्यातून?”

“माशासारखं नाही,” बाबा ओरडले. “ते सासरे आहेत!”

ताटली भिंतीवर गेली. चादरीवर अजून डाग आहे. आता सगळ्या सिनेमांत आकाशात एक पिवळा ढग असतो.

तुला आठवतं ना त्यांचं म्हणणं? परक्या राक्षसाला कोण भितंय, राक्षस नात्यातला पाहिजे. म्हणून तर त्यांनी प्रत्येक भुताला नातं लावून दिलं. पाण्यातून येणारा तो खवल्यांचा प्राणी म्हणजे जावयाने अपमान केल्यावर समुद्रात गेलेला सासरा, जो लेकीला परत न्यायला येतो. पुतळ्यांच्या कारखान्यात हिंडणारी ती पांढरी बाई ‘मेणाची नवरी’. आणि उडत्या तबकडीतून उतरणाऱ्या, डोक्याला चांदीचे कागद गुंडाळलेल्या त्या पाचजणी? ‘मंगळावरच्या मावश्या’! येतात तशा राहायलाच येतात आणि जायचं नाव घेत नाहीत. थिएटरमधल्या बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या.

सासऱ्याच्या पाठीवरची चेन अजून तशीच दिसते बघ. रबरी कातड्याच्या आत माणूस आहे हे लहान मुलालाही कळावं. पण बाबांनी ती कधी लपवली नाही. “पाहा मंडळी, जावयाने केलेल्या वाराचा वण!” असं म्हणून उलट तिच्याकडेच बोट दाखवायचे. मेलेला शिपाई नाक खाजवतो तिथे “मेला तरी सवय गेली नाही” हे वाक्य मी रोज म्हणते. एकच जिना चार सिनेमांत आहे, दर वेळी नवा रंग देऊन. तबकडीची दोरी दिसते. राणी दारातून निघते तेव्हा केस काळे असतात आणि अंगणात पोचेपर्यंत सोनेरी होतात. असल्या सिनेमांत मी दिवसाचा प्रत्येक उरलेला तास घालवते आहे. विचार कर जरा.

रविवारी दवाखान्यातले डॉक्टर आले होते. त्यांना सासरा फार आवडला. थोडा वेळ गंभीरपणे पाहून म्हणाले, “यांची वरची कवळी चांगली बसलेली नाही, बोलताना खाली येतेय.” मला इतकं हसू आलं की गोष्ट थांबली आणि बाबांचं तोंड मिटलं. डॉक्टरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. शांत माणूस आहे. चहात साखर घेत नाहीत, पण कुणी घातली तर बोलतही नाहीत. ते असो.

तू कधी येतोस ते कळव.

किरकिरी


९ मार्च

दादा,

‘मला ते घरात घेणार नाहीत,’ असं लिहून तू मोकळा झालास. मोकळं होणं तुला छान जमतं.

मी होते तिथे, विसरलास? पहिल्या रांगेत, आईशेजारी. बाबांचा घसा बसला होता आणि तू म्हणालास, आज मी सांगतो. तू कॉलेजात ती भाषा शिकला होतास, आणि पडद्यावरची माणसं खरोखर जे बोलत होती ते सांगायला लागलास. त्यात सासरा नव्हताच. एक संशोधक, एक पाणबुड्या आणि पाण्यात वाढलेला एक प्राणी. सगळे मिळून पेट्रोल संपत आलंय यावर बोलत होते. लोकांनी आधी वाट पाहिली, मग कुणीतरी ओरडलं, “आमचा सासरा कुठाय?” मग पडद्याकडे बूट यायला लागले. बाबांनी तुझ्या हातातून माईक ओढून घेतला आणि त्या फुटक्या घशाने सासऱ्याला पाण्याबाहेर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ते म्हणाले, “पुन्हा माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही.” रागात बोललेल्या शब्दाला तू दगडावरची रेघ समजलास आणि निघून गेलास. आता तिकडे बसून लोकांचे करारनामे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेतोस. तुझं खरं होतं, दादा. तेव्हाही होतं. पण तुझ्या खरेपणाची किंमत मी इथे काळ्या कागदामागे बसून चुकवते आहे.

आता नीट सांगते. ‘कामानिमित्त’ हे मी उगाच लिहिलं. डॉक्टरांनी मला लग्नाचं विचारलं आहे. दुसऱ्या गावात त्यांना मोठा दवाखाना मिळतोय आणि एप्रिलच्या शेवटी ते जाणार. मला जायचं आहे. या वयात मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि कुणी विचारल्यावर मला इतकं हवंसं वाटेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. कसं सांगू? डॉक्टर मात्र प्रामाणिक माणूस. म्हणाले, मी शिकतो की सिनेमा सांगायला, मग त्यांनाही बरोबर नेऊ. रविवारी बसले. “एक बाई धावते आहे,” म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मग “अजून धावते आहे.” बाबांनी तोंड मिटून घेतलं आणि ओठांच्या फटीतून म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही आपले दातच काढा.” आणि जागा सोडायला तर ते तयारच नाहीत. हे घर, ही खुर्ची, ही भिंत. विषय काढला तर म्हणाले, “मला इथून न्यायचं तर आडवा करून न्या.”

दादा, मला श्वास घ्यायला होत नाही. प्रोजेक्टर तापतो, खिडक्या बंद, डब्यांना येणारा तो आंबूस वास माझ्या केसांना लागलाय. दवाखान्यात एका बाईने विचारलं, तुम्ही लोणच्याच्या कारखान्यात होता का? झोपेतसुद्धा माझ्या तोंडात मावश्यांचे संवाद असतात. एका सिनेमात ज्या पोरीला वेड्या बापाने मनोऱ्यात कोंडलंय तिच्या वाटचं किंचाळणं मीच किंचाळते आणि तिला सोडवायला येणाऱ्या तरुणाचा आवाजही मीच काढते. मग माझ्यासाठी कोण येणार? कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

काल एक सुचलं. तू येऊ नकोस. तुझा आवाज पाठव. टेपवर बोल. बाबांच्या गोष्टी बाबांच्याच शब्दांत, जमेल तेवढ्या. बाई बटण दाबेल. तुला त्या पाठ आहेत हे मला माहीत आहे. लहानपणी जेवताना तू आणि मी दुसरं काय बोलायचो? आणि मेहेरबानी करून खरं सांगू नकोस.

किरकिरी


४ एप्रिल

दादा,

टेप मिळाल्या. एवढ्या पाठवशील असं वाटलं नव्हतं.

पण उपयोग झाला नाही. बाबांनी थोडं ऐकून बंद करायला लावली. जेवले नाहीत. तुझे कष्ट वाया गेले, वाईट वाटतं. आणखी पाठवू नकोस.

डॉक्टरांना मी सांगून टाकलं की माझं जमणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेतात हाच त्यांचा दोष.

इकडे उन्हाळा लागला आहे.

किरकिरी


११ एप्रिल

दादा,

मागचं पत्र खोटं आहे. डॉक्टरांबद्दलचा भाग तेवढा खरा.

झालं ते असं. मी नेहमीसारखी चादर लावली, सासऱ्याचं रीळ चढवलं आणि प्रोजेक्टर व टेप एकदमच सुरू केले. बाबांना काही सांगितलं नव्हतं. तू म्हणालास, “मंडळी, श्वास रोखून धरा, कारण पाण्यात कुणीतरी तो सोडतंय.” बाबांच्या हातात पाव होता. हात होता तिथेच राहिला.

मला वाटलं, आता पाव भिंतीवर जाणार. पण तू पुढे बोलतच गेलास. सासऱ्याचा अपमान, तो वण, लेकीचं समुद्राकडे बघत रडणं. रीळ बदलताना बाबा जे खोकायचे ते खोकणंसुद्धा तू सोडलं नाहीस. तुझा आवाज जाड झालाय. मी वाट पाहत होते की तू कुठेतरी टोमणा मारशील, खरं काहीतरी मधे घुसडशील. नाहीच. बाबांनी पाव खाल्ला. मग चाचपडत ताटली मांडीवर घेतली आणि सगळी संपवली. स्वतःच्या हाताने, दादा. अंडं सोलूनसुद्धा.

इतके दिवस मी त्यांना घास भरवत होते!

तू आठवणीतून बोललेला असणार, म्हणून तुझा आवाज भिंतीवरच्या चित्राच्या पुढे पळायला लागला. तू जावयाला बुडवलंस तेव्हा इकडे तो गलबताच्या कठड्याला टेकून आरामात सिगारेट पेटवत होता. मी घाईघाईने टेप थांबवली आणि मागे न्यायला लागले.

“काय करतेस?” बाबा म्हणाले. “चालू दे की.”

“बाबा, चित्र मागे राहिलंय.”

“कुठलं चित्र?”

इतकं साधेपणाने विचारलं त्यांनी. मी प्रोजेक्टरकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. “हे. भिंतीवरचं,” म्हटलं.

“मला काय त्याचं? मला कुठे दिसतंय?”

माझी मतीच गुंग झाली. खिडक्यांचा काळा कागद, प्रोजेक्टरला रोज तेल देणं, तुटलेलं रीळ चिकटपट्टीने सांधत बसणं, त्या उकाड्यात दार लावून घेणं. हे करायला त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. आंधळ्या माणसाला गोष्ट सांगायला चित्र कशाला लागतं? गोष्टी तर मला पाठ होत्या. मी अंगणात बसून, भाजी चिरता चिरता सांगू शकले असते.

मी विचारलं, “मग मी रोज प्रोजेक्टर लावते तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तुला बघायचं असतं,” बाबा म्हणाले. “आई गेल्यावर तू हसायची थांबलीस. सिनेमा सांगताना तेवढी तुझ्या आवाजात जान यायची. म्हटलं, तीन वाजता तोंड उघडून बसलं तर निदान पोरगी हसते तरी. मला तर दुपारी भूकही नसते.”

तर असं आहे, दादा. ते माझ्यासाठी बसत होते आणि मी त्यांच्यासाठी. दोघांनी एकमेकांवर उपकार करून एकमेकांना त्या खोलीत कोंडून घातलं होतं.

आणि खरं सांगू? मला आवडतं. मी तुला इतकं रडगाणं लिहिलं, पण ती पाठीवरची चेन दिसायची वेळ आली की मी खुर्चीत पुढे सरकते. मावश्या तबकडीतून उतरतात तेव्हा शेवटची अडखळते आणि पुढचीचा चांदीचा कागद पकडते, आणि तो फाटतो, आणि कुणी ते पुन्हा चित्रित करायची तसदी घेतलेली नाही. त्या बाईचा तो ओशाळा चेहरा मी शंभरदा पाहिलाय आणि दर वेळी मला तिच्याबद्दल माया वाटते. चांगल्या सिनेमांत सगळे इतके हुशार असतात की माझ्यासारखीला उभं राहायला जागा मिळत नाही. इथे पैसा नाही, वेळ नाही, दोरी दिसते, दाढी सुटते, तरी कुणी सोडून जात नाही. शेवटपर्यंत जीव तोडून किंचाळतात. मला त्यांचा अभिमान वाटतो, हसलास तरी चालेल.

तू म्हणशील, मग खोटं का लिहिलंस? कारण मला राग आला. मी इतकी वर्षं इथे राहिले, आणि तू एका टेपेत घरात शिरलास. बाबांनी तुझी टेप पुन्हा लावली, आणि पुन्हा. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले, मोठ्याने. ऐकायला कुणी नव्हतं, कारण तू बोलत होतास. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना नाही म्हटलं आणि घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. मला कुणी अडवलं नव्हतं. दार उघडं होतं, कडी मी आतून लावली. कोंडलेल्या माणसाला दाराची भीती वाटते, हे कुठल्याच सिनेमात नाही.

बाबा आता टेपशी भांडतात. “इथे थांबायला हवं होतं, गाढवा! लोकांना घाबरायला वेळ दे!” असं ओरडतात, मग मागे न्यायला लावतात, मग पुन्हा ओरडतात. चेहऱ्यावर रंग आलाय. काल त्यांनी एक कोरी टेप मागवली. तुझ्या चुका भरून पाठवायच्या आहेत म्हणे. तयारीत राहा, चुका पुष्कळ निघाल्यात.

तू आणखी टेप पाठव. मी उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे. त्यांचं सामान बांधून झालंय. ते काय म्हणतील कोण जाणे.

किरकिरी


६ मे

दादा,

हे पत्र नव्या गावातून. खिडकीला पडदासुद्धा नाही. सकाळी इतका उजेड येतो की मी अजून डोळे बारीक करून चहा करते.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते पेट्यांवर बसून कशाची तरी वाट बघत होते. मी बरंच काही पाठ करून गेले होते. ते म्हणाले, “नावं लिहून घ्यायला मी अजून दुसरं कुणी पाहिलेलं नाही.” बस. एवढंच. या माणसाला संवाद म्हणून द्यायचे नाहीत.

बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. मग म्हणाले, “तो ‘अजून धावते आहे’वाला?” हो म्हटलं. “माणूस खोटं बोलायचा नाही,” म्हणाले. “सिनेमाला निरुपयोगी. संसाराला चालेल.” मी म्हटलं, बाबा, तुम्ही पण चला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. तुझी टेप यायची आहे, बाई आहे, खुर्ची आहे. मी त्यांच्या पायाशी बसले होते. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायला गेले तर तो नाकावर आला. दोघंही हसलो.

निघायची वेळ दुपारची होती. खिडक्यांचा कागद मी सकाळीच काढला होता. बाबांना म्हटलं, येते. ते म्हणाले, “हे बघ, एक लक्षात ठेव. त्या पळणाऱ्या पोरी सगळ्या एकच चूक करतात. दारापर्यंत नीट पोचतात आणि मग मागे वळून बघतात. तिथेच पडतात. तू वळू नकोस.”

मी बॅग उचलली, दारापर्यंत गेले आणि वळले. वळणारच होते.

बाबा चाचपडत टेपचं बटण शोधत होते. बाई मदतीला पुढे झाली तर त्यांनी तिचा हात झटकला. बटण सापडलं आणि तू बोलायला लागलास. मी पहिली पायरी उतरले तशी त्यांनी आवाज वाढवला. दुसरीवर आणखी. मी जिना उतरत होते आणि वर तुझा आवाज फुटायला आला होता. डॉक्टर गाडीपाशी उभे होते, त्यांनी वर पाहिलं. शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. सगळ्या गल्लीला सासऱ्याची गोष्ट ऐकू जात होती.

पोचल्यावर, बाबा झोपले असतील अशा वेळी, मी बाईला फोन केला. विचारलं, मी गेल्यावर बाबा रडले का? ती म्हणाली, “काय सांगू ताई, नुसता सिनेमाच ऐकू येत होता. मला बाहेर जा म्हणाले होते.”

किरकिरी